तुटक्या पुलाशी बसलेली बकरी

ता. ६ मार्च, शुक्र.
शाळा, बाजार, घर. मेथी आणली, निवडायचा कंटाळा आला, तशीच ठेवली. संध्याकाळी दिंद्रुडहून संतोषचा फोन. "दाजी, आला बरं का तायडीच्या गेमचा तिसरा भाग!" बघू म्हणालो. सुनंदा गेल्यापासून तिच्या या धाकट्या भावाच्या आवाजात पहिल्यांदाच जीव होता, म्हणून जास्त काही बोललो नाही.

ता. ७
किंमत पाहिली. पहिल्या दोन भागांना मिळून जेवढे दिले, तेवढे एकट्या तिसऱ्याला. संतोषला फोन करून सांगितले, एका गेमचे चार तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा अख्ख्याच्या भावाने विकायचा, ही लूट आहे. तो म्हणाला, "तायडी बी हेच म्हणायची. शिव्या द्यायची अन् घ्यायची."
खरे आहे. केमोनंतर पडून असायची, तेव्हा पोटावर उशी, उशीवर लॅपटॉप, आणि ती गेममधली बकरी कड्याकड्यांवरून उड्या मारत न्यायची. बटण दाबल्यावर बकरी जरा उशिराच उडते. "मी दाबते, मग ही विचार करते, मग आम्ही दोघी पडतो." पडले की पार खालच्या देवळापासून पुन्हा चढ. ती चिडायची. मला बरे वाटायचे, चिडण्याइतकी ताकद आहे म्हणून.

ता. ८, रवि.
खिडकीच्या गजावर कावळा. हाकलला नाही.
दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नव्हता. ऊन चढले. सासूबाईंनी लेकीचे दागिने जपण्याचा शब्द दिला, मी घर सांभाळण्याचा. काही नाही. शेवटी संतोष पुढे झाला, हात जोडून म्हणाला, "तायडे, तुझा गेम मी अन् दाजी पुरा करताव." मागे कोणीतरी हसलेसुद्धा. आणि कावळा उतरला.
मी शाळेत विज्ञान शिकवतो.

ता. १०
संतोषचे मोबाइलचे दुकान आहे. एका गिऱ्हाइकाने तिसरा भाग घेतला, एका बैठकीत संपला म्हणे. उडीचा दोष तसाच. मी लगेच म्हणालो, मग कशाला घ्यायचा?
"ते जाऊ द्या. दुसराच वांधा हाय, दाजी. तिसरा चालू केला की दुसऱ्यातली जागा पुसती. बकरी थेट नव्या डोंगरावर."
कॉपी काढून ठेव म्हटले.
"न्हाई निघत. ते समदं कंपनीकडं ऱ्हातं. एका माणसाला एकच जागा."
फोन ठेवला. दूध उतू गेले.

ता. ११
लॅपटॉप उघडला, ती गेल्यानंतर पहिल्यांदा. दुसरा भाग जिथे संपतो तो तुटका पूल. पलीकडे जायचे तर तिसरा विकत घ्या, अशी पाटी. अलीकडे बकरी उभी. कोपऱ्यात नाव, सुनंदा.
काही दाबले नाही की बकरी थोड्या वेळाने खाली बसते, रवंथ करते. "बस बाई जरा," सुनंदा म्हणायची, आणि स्वतःही डोळे मिटायची. आजही बसली. कान हलवला.
तिथपर्यंत तिनेच आणून सोडली आहे. बाही लागेल म्हणून हात मांडीखाली धरून बसलो होतो.

ता. १३
पुन्हा कावळा. तोच असेल असे काही नाही.
संतोषशी वाद. मी उडी काढली, देवळापासूनचा चढ काढला, किंमत काढली. म्हटले असल्या कंपनीला पोसू नये.
"दाजी, पैशाचं कावून सांगता? पैसे मी देतो. गेम बेकार हाय, मला बी कळतंय. पण मी पिंडापुढं बोललोय. झोप लागंना मला."
मला का लागत नाही, ते सांगायचे होते. म्हणालो, रविवारी ये.

ता. १५, रवि.
आला. तिच्या नावाने आधीच विकत घेऊन टाकलेला. पडद्यावर प्रश्न: तिसरा भाग सुरू करायचा? होय. नाही. मागे अंधूक पूल, बकरी बसलेली.
लॅपटॉप माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "दाबा तुमी."
"शब्द तू दिलास."
"तुमचं बी नाव घेतलंतं की."
चहावर साय धरली. त्याने एकदा बोट पुढे नेले. मी त्याचे मनगट कधी धरले, कळले नाही. त्याने माझ्याकडे पाहिले. बहुतेक तेव्हा त्याला समजले. "बस चुकंल," म्हणाला आणि उठला. जिन्यातून परत आवाज दिला, "दाजी, तुमी काय बी करा. पण तायडी अडकून ऱ्हायला नको."
अडकून. हाच शब्द मी इतके दिवस मनात येऊ देत नव्हतो.

ता. १६
परीक्षेची कामे.
घरी आलो तर लॅपटॉप टेबलावर तसाच, चार्जरला लावलेला. प्रश्नही तसाच. कावळा आज आला नाही, त्याने जास्तच भीती वाटली. सकाळी खिडकी उघडी राहिली होती. परळीत एवढे पुरते. औष्णिक वीज केंद्राची राख सगळीकडे, पडद्यावर, बटणांवरही.
झाकण लावता आले असते. नाही लावले.
फडका ओला केला, घट्ट पिळला. पडदा पुसला, कडा पुसल्या. बटणांना फडका लावला नाही. खाली वाकून तिथली राख हळूहळू फुंकून काढली.