एका पायाचा संसार

मी, खाली सही करणारी, शिवणकामावर पोट भरणारी बाई, गुडघ्यांनी थकलेली पण डोक्याने ठणठणीत, आज राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या माघारी कोणी काय घ्यावे ते लिहून ठेवते. दडपण आणायला मोठे भाऊजी येऊन गेले. त्यांना चहा दिला. पुढेही फारसे देणार नाही, ते कलम दोनमध्ये स्पष्ट होईल.

१. राहते घर व त्याखालचे शिलाईचे दुकान माझ्या मुलीला. ती बस चालवते, दुकान चालवणार नाही, हे मला ठाऊक आहे. तिने ते भाड्याने द्यावे, विकावे, नाहीतर कुलूप लावावे; आईची आठवण म्हणून जपत बसू नये. आठवणीला छप्पर नसते, दुकानाला आहे आणि ते गळते.

२. कपाटाच्या खालच्या कप्प्यात माझ्या कैलासवासी यजमानांचे उजव्या पायाचे बूट आहेत, सगळे कोरे करकरीत. ते मोठ्या भाऊजींना. हे का, ते सविस्तर लिहिणे भाग आहे, नाहीतर म्हातारीचे डोके ठिकाणावर नव्हते असे ठरेल.

आमच्या ह्यांना बुटातला खिळा लागला. अंगात साखरेचा आजार, जखम चिघळली आणि विष वर चढू लागले. "पाय काढू देऊ नकोस," असे ते मला म्हणाले होते. मग तापात शुद्ध हरपली. डॉक्टर म्हणाले, "पाय ठेवला तर माणूस जाईल. लवकर ठरवा." दवाखान्याच्या जिन्यात सगळे सासर गोळा झाले. भाऊजी म्हणाले, "घाई करू नये." वन्सं म्हणाल्या, "एका पायाचा शिंपी कोणी पाहिलाय का?"

"मग नको म्हणून सांगू?" मी विचारले.

"छे छे, असं कुठे म्हटलं आम्ही! तू ठरव. आम्ही तुझ्या पाठीशी आहोतच."

मी वळून पाहिले तेव्हा पाठीशी फक्त जिन्याचा कठडा होता. मंडळी चहाला गेली होती. मी सही केली.

हे शुद्धीवर आले, पांघरूण चाचपले आणि माझ्याकडे पाठ केली. भाऊजी त्यांच्या उशाशी बसून सांगत होते, "मी तिथे असतो ना, तर वेगळं पाऊल उचललं असतं." पुढे दर वेळी बूट घेताना दुकानदार जोडीच द्यायचा. भाऊजींना पाऊल उचलायची एवढी हौस, म्हणून हे बूट. मापाला मोठे होतील. पुढे कागद कोंबावा.

३. हे कलम लिहून खोडले आहे. वकील म्हणतात, शिव्या मालमत्तेत मोडत नाहीत.

४. मोठी कात्री आमच्या कारागिराला. पाय गेल्यापासून हे माझ्याशी बोलत नसत. मशीनवर मी बसले, कारण कोणीतरी बसायलाच हवे होते. ते उंच स्टुलावरून मुलीमार्फत हुकूम सोडत, "तुझ्या आईला सांग, बाही वाकडी लागलीय." एकदा कोटाचे कापड बेतताना मी चुकले. त्यांनी माझ्या हातून कात्री ओढून घेतली. "तुझ्या आईला सांग, मला कापलंस तेवढं पुरे झालं म्हणावं. कापड मी कापतो." आणि असे कापू लागले की गिऱ्हाइके लांबून शोधत येत. माझ्यावर रागवायला मी त्यांना भरपूर आयुष्य मिळवून दिले आणि त्यांनी त्यातला एक दिवसही वाया घालवला नाही.

कारागिराने या कात्रीने कागद कापू नये.

५. ते उंच स्टूल नळवाल्याच्या बायकोला. तिच्या नवऱ्याचा हात यंत्रात सापडला, काढावा लागणार होता. ती रडत दुकानात आली. "काकू, तुम्ही कसं ठरवलंत हो?" मला खरेच सांगता येईना.

स्टुलावरून हे म्हणाले, "सही कर, पोरी. माणूस चिडतो, ओरडतो. पण जगतो."

ती गेली. मी खाली मान घालून मशीन चालवत राहिले. जरा वेळाने ते म्हणाले, "कॉलर उलटी लावते आहेस."

मुलगी बसवर गेली होती. दुकानात तिसरे कोणी नव्हते. त्या दिवसापासून आम्ही बोलू लागलो, म्हणजे मुख्यत्वे भांडू लागलो. नळवाला एका हाताने नळ दुरुस्त करतो आणि दोन हातांचे ओरडतो. त्याच्या बायकोला जरा उंच बसून ऐकता यावे.

६. आता माझ्या छातीतही काही काढायचे-घालायचे चालले आहे. माझी शुद्ध गेली तर निर्णय मुलीने घ्यावा. वकील म्हणतात, हे मृत्युपत्रात बसत नाही, कारण तेव्हा मी जिवंत असेन. बसवा म्हटले, बसवणे हा माझा धंदाच आहे.

बाळ, जिन्यात गर्दी जमू देऊ नकोस. करा म्हणालीस तरी मला मान्य, नको म्हणालीस तरी मान्य. वाचले तर मी कुरकुर करीनच, ती मनावर घेऊ नकोस. गेले आणि तुझ्यामुळे गेले असे कोणी म्हणाले, तर त्याला हा कागद दाखव. तू जे ठरवशील ते मीच आज, पूर्ण शुद्धीत, ठरवले आहे.

सही: शिवणकाम करणारी बाई
साक्षीदार: कोपऱ्यावरचा औषधवाला, शेजारच्या निवृत्त शिक्षिका (दोघांनी वाचून, आपल्यासमोर सही झाल्याचे पाहून)
ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: १२ फेब्रुवारी, सोमवार, दुकान बंद