सेनापतींची रंगीत तालीम

४ मार्च
समोरच्या दारातले सेनापती आज पुन्हा आले. (हे नाव मी ठेवलेलं. बँकेतून निवृत्त, जन्मात झुरळ मारलं नसेल.) म्हणे सूर्यावर वादळ होणार, वीज जाणार, फोन कायमचे मुके होणार — इमारतीने तयारीत राहायला हवं! "वहिनी, जग एका क्षणात शंभर वर्षं मागे जाईल." त्यांचं डोकं आधीच पोचलंय तिथे.

७ मार्च
मेणबत्त्या, दोरखंड, शिट्ट्या. शिट्टी कोणी फुंकायची यावरून वरच्या मजल्यावरच्या जावाजावांची जुंपली. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर नुसत्या दारात उभ्या राहिल्या तरी अख्खा वर्ग चिडीचूप. इथे धड रांग लागेना, आणि हे जगबुडी निभावणार!

८ मार्च
रविवारी तालीम. दिवसभर वीज बंद, सगळ्यांचे फोन सेनापतींच्या कपाटात. आमच्या ह्यांचं घड्याळसुद्धा! मी म्हटलं, "ते वेळेसाठी नाही. हे कुठे आहेत ते त्यामुळे मला फोनवर दिसतं. मागे रस्ता विसरून बसस्टॉपवर बसून राहिले होते." तर म्हणतात, "वहिनी, संकट अपवाद करत नाही." वाक्य आरशापुढे घोटून आले असणार.
लेक फोनवर म्हणाली, "एक दिवस तर आहे, आई. तू असशीलच ना घरात?"
असणारच. मी जाते कुठे!

१२ मार्च, दुपार
हे घरात नाहीत! मी आंघोळीला गेले तेवढ्यात. वीज नाही म्हणून खालचं विजेच्या कुलपाचं दार सताड उघडं. फोन कपाटात, किल्ली सेनापतींच्या खिशात, आणि सेनापती? पायी निरोप पोचवण्याचा सराव करायला पलीकडच्या वसाहतीत! एवढ्या तयारीत दुसरी किल्ली एकाला सुचली नाही. शिट्ट्या मात्र फुंकतायत. गाढवं!
बसस्टॉप पाहून आले. तिथे नाहीत. हे परत आले तर घरी कोणी हवं म्हणून बसलेय. काय करू —

संध्याकाळ
आले. एकटे, आपल्या पायांनी. चपला चिखलाने भरलेल्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "रागावू नका, बाईसाहेब. आज मनगट मोकळं होतं ना? म्हटलं, कोणाला कळायचं नाही. नदीपर्यंत जाऊन आलो."
मला वाटत होतं, ते घड्याळ कशासाठी आहे हे त्यांना ठाऊकच नाही.

१३ मार्च
सकाळी घड्याळ बांधायला गेले. त्यांनी मुकाट्याने हात पुढे केला. माझ्याच्याने बांधवेना.
आता जिना उतरतायत. मी खिडकीशी जाणार नाही.