फळीमागचा हात

३ मे १९८६, शनिवार

पोचले. विमानात गुडघे मुडपून बसून पाय भोपळ्यासारखे सुजलेत, बाकी माणूस धड आहे. विमानतळावरच्या पोरानं डिंकाच्या लाडवांचा डबा उघडून वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि परत दिला. मीही त्याच्याकडे बघून तसंच तोंड केलं. फिट्टंफाट.

उल्हासचं घर वेस्ट विंडसरला आहे. सगळं लाकडाचं, चाललं की खोक्यातून चालल्यासारखं वाजतं. पण उजेड भरपूर, मागं हिरवळ, नळाला कधीही गरम पाणी. मालिनीला सातवा सरत आलाय. तिच्या आईचं ऑपरेशन निघालं म्हणून बाळंतपणाला मला बोलावलं, हे तिनं जेवताना दोनदा सांगितलं. एकदा सांगितलं असतं तरी कळलं असतं. नवऱ्याला नावानं हाक मारते. कामाला मात्र वाघ आहे, ते कबूल.

गॅरेजशेजारी पत्र्याचा लांबलचक पांढरा डबा उभा आहे, चाकं लावलेला. मी विचारलं, यातून काय म्हशी नेतोस? उल्हास हसत सुटला. त्यात म्हणे विमान आहे, बिनइंजिनाचं. ग्लायडर. गेल्या महिन्यात घेतलं. पंख सुटे, शेपूट सुटं. शनिवारी मैदानावर नेऊन जोडायचं, उडवायचं, संध्याकाळी सोडवून परत डब्यात. मालिनी म्हणाली, बाळाचा पाळणा महिनाभर खोक्यात पडलाय, तो जोडायला मात्र हात नाहीत. पहिल्यांदा तिचं बोलणं पटलं.

ही वही उल्हासच्या ऑफिसातली. म्हणाला, आई, दिवसभर करमणार नाही, लिहीत जा. माझी शाळा तिसरीपर्यंत. लिहिता येतं मला. कुणाला वाचता आलं नाही तर ते त्याचं त्यानं बघावं.

१० मे, शनिवार

आज मैदानावर गेले. गाडीमागं तो डबा लावून तासभर रस्ता, दोन्हीकडं शेतं, माणूस औषधाला नाही. मालिनीला गवतानं शिंका येतात म्हणून ती घरी. मदतीला मी. या वयात विमानाची मजूर झाले.

पण बघण्यासारखं आहे. आधी मधला सांगाडा बाहेर काढतात, मग दोन्हीकडून पंख सरकवतात. पायलटच्या डोक्यामागं, विमानाच्या पाठीवर, ताटलीएवढं झाकण आहे. त्यातून हात घालून आतले दांडे एकमेकांना जोडायचे आणि वर पिन घालायची, म्हणजे जोड सुटत नाही. पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारी लांब फळी असते. पायलटनं आतली काठी हलवली की दांडे हलतात, दांड्यानं फळी हलते, आणि विमान कलतं, वळतं. मधला जोड राहिला तर काठी हलते, फळी हलत नाही, आणि माणूस वर असतो. एवढं सोपं आहे.

म्हणून सगळं जोडल्यावर परीक्षा. उल्हास आत बसून काठी हलवतो. मी बाहेर फळी हातानं हलकेच धरून ठेवायची. आतून जोर माझ्या तळव्याला लागला पाहिजे, वर आणि खाली. लागला की ओरडायचं, ओके. नुसतं डोळ्यांनी बघून चालत नाही म्हणे, जोर लागला पाहिजे. आधी डावी फळी, मग उजवी.

मी तळवा टेकवला आणि मला हसूच आलं. उल्हासचा हात लगेच ओळखला मी. सातवीत असताना चिंचेवरून पडून त्याचं मनगट मोडलं. हाडवैद्यानं बसवलं ते थोडं वाकडंच. तेव्हापासून जोर लावताना त्याचं मनगट मधे अडकतं, मग सुटतं. गोधड्या पिळताना दुसरं टोक तो धरायचा, तेव्हापासून ती अडक माझ्या हातात आहे. इथं सातासमुद्रापार, पंखाच्या टोकाला, तीच. जोर, अडक, मग सुटणं. मी ओके म्हणून असं ओरडले की वॉल्टर दचकला.

वॉल्टर म्हणजे इथला म्हातारा. कानात केस, डोक्यावर नाहीत. सगळ्यांची विमानं जोडताना नाक खुपसत फिरतो. त्यानं माझ्या नऊवारीला सलाम ठोकला. मी पदर सावरला आणि त्याला लाडू दिला. हा तोंड वाकडं न करता खातो.

१७ मे, शनिवार

उल्हास चांगला उडाला. घारीसारखा, आवाज न करता. मान मोडेस्तोवर बघितलं.

वॉल्टर सांगत होता, उल्हासनं मराठीत मला सांगितलं. हे ग्लायडर आधी ज्याचं होतं तो माणूस नेहमी एकटा यायचा. कुणाला मदतीला बोलवायचा नाही. उल्हासनं विचारलं, एकट्यानं परीक्षा कशी घ्यायचा, एक आत लागतो, एक बाहेर. वॉल्टरनं खांदे उडवले. तो माणूस म्हणायचा म्हणे, मला आत कुणी बसायला लागत नाही, मी बाहेर फळी धरली की होतं.

मग तो मक्याच्या शेतात पडला. नाक मोडलं होतं विमानाचं, ते नवं बसवलंय. पंख तेच.

एवढं सांगून वॉल्टर सँडविच खायला बसला. उल्हासही. मी माझं सँडविच परत कागदात गुंडाळलं.

२४ मे, शनिवार

मला खोटी पाडली आज.

उल्हासनं जोडलं, आत बसला. डावी झाली. उजवी धरली. जोर आला, वर, खाली. गुळगुळीत. मी ओके म्हटलं. वॉल्टर नेहमीप्रमाणे नाक खुपसायला आला, पाठीचं झाकण उघडलं, आत बघून त्यानं उल्हासला नुसतं बोट दाखवलं. उजवा दांडा सुटा लोंबत होता. जोडलेलाच नव्हता.

उल्हासचा चेहरा पांढरा पडला. मग तो माझ्यावर घसरला. आई, तू धरलीच नव्हतीस. मी म्हटलं, धरली होती, जोर आला. तो म्हणाला, येणं शक्य नाही, दांडा सुटा आहे. वॉल्टरसमोर म्हणाला, मैदानावरच्या आणखी दोघांसमोर. लहान पोराला समजावतात त्या आवाजात.

जोर आला होता. माझा तळवा मला खोटं सांगत नाही.

घरी येऊन त्यानं मालिनीला सांगितलं. ती म्हणाली, आईंना झेपत नाही तर कशाला नेतोस. हळू म्हणाली. लाकडाच्या घरात हळू काही नसतं.

२५ मे, रविवार

दिवसभर तेच डोक्यात. आज भांडी घासताना आठवलं. कालच्या जोरात अडक नव्हती. मनगट अडकलं नव्हतं.

मग तो जोर कुणाचा?

३१ मे, शनिवार

जोडून झालं. उल्हास वॉल्टरकडे पिन आणायला गेला. आत कुणी नाही, काचेतून रिकामी खुर्ची दिसत होती. वारा पडलेला. मी उजव्या फळीखाली तळवा ठेवला.

दाबलं. वरून. गुळगुळीत, संथ. मी जेवढा जोर लावला तेवढाच पलीकडून. मी सैल सोडला, तर सैल. मी दाबलं, तर दाबलं. जसं काही माझीच परीक्षा चाललीय.

आतली काठी जागची हलली नाही. मी बघत होते.

हात काढला. तळवा गार पडला होता, पाण्यातून काढल्यासारखा.

उल्हास आल्यावर त्याला सगळं सांगितलं. तिथंच, पंखाजवळ. म्हटलं, तुझा जोर आणि त्या दुसऱ्याचा जोर मला वेगळा कळतो. तुझं मनगट अडकतं, त्याचं नाही. अडक लागली तरच मी ओके म्हणणार. तो आधी हसला, मग मनगट चोळत राहिला. म्हणाला, बरं आई, तसं करू.

७ जून, शनिवार

आज त्याला पटलं.

उजवी धरली. जोर गुळगुळीत. मी नाही म्हटलं. उल्हास म्हणाला, मी पिन घातलीय, डोळ्यांनी बघितलीय. मी म्हटलं, झाकण उघड. उघडलं. पिन निघून खाली पडलेली, दांडा जोडातून अर्धा बाहेर. वॉल्टरनं टोपी काढली. उल्हासनं आत हात घालून पिन बाहेर काढली. मग मला जवळ घेतलं, मोठेपणी पहिल्यांदाच. परत जोडलं, परत धरलं. अडक आली. ओके.

मी म्हटलं, विकून टाक हे. तो म्हणाला, आई, तू असताना कशाला भीती. बाळ आलं की वर्षभर तसंही बंद.

गाडीत बसताना ऐकलं. डब्यातून, आतल्या बाजूनं, पत्र्यावर कुणीतरी एकदा हात मारला.

११ जून, बुधवार

मालिनीचे कपडे दोरीवर घालत होते. भर दुपार. डब्यातून आवाज. धप. धप. वर, खाली, तसा. मग बदलला. धप — थांबून — धप. पुन्हा तसाच. पुन्हा. जमेपर्यंत करावं तसा.

मालिनी म्हणाली, उन्हानं पत्रा वाजतो. असेल.

कपडे वाळायच्या आत काढून आणले.

१३ जून, शुक्रवार

आवाज थांबलाय.

मालिनीला रात्री झोप नाही, पोट खाली उतरलंय. तिनं उल्हासला सांगितलं, उद्याचा शेवटचा. मी पण येणार, आईंच्या शेजारी बसणार. माझ्या हाताला हात लावून म्हणाली, तुम्ही आहात म्हणून सोडते त्याला.

पाळणा जोडला त्यानं. एकही स्क्रू सैल नाही. मी हलवून बघितला.

१४ जून, शनिवार

मैदानावरच लिहितेय. खुर्ची, छत्री, शेजारी मालिनी.

वॉल्टर नाही, बहिणीकडे ओहायोला गेलाय. उजवा दांडा जोडताना उल्हासला कुणीतरी हाक मारली, त्यांचं विमान ढकलायला. परत आला तोवर पश्चिमेला ढग. दोर लावून ग्लायडर वर ओढून नेणारं इंजिनाचं विमान ताटकळलेलं.

डावी धरली. अडक. उजवी धरली. अडक. स्वच्छ. मनगट थांबलं, मग सुटलं. तोच.

तो उतरून झाकण उघडून बघणार होता. म्हणाला, एकदा नजर टाकतो. मी म्हटलं, उशीर होतोय, तुझा हात मला कळतो. बस. तो हसला. बसला.

गेला वर. दोर लावलेला आहे अजून. पांढरा. छान दिसतो.

आज उजवी फळी गार होती. ऊन असून. तेव्हा लक्षात — हाताला घाम होता, त्यानं असेल.

दोर सुटला. आता एकटा आहे.

वही मांडीवर. डावा हात खुर्चीच्या दांडीवर टेकलाय. दांडी — खालून दाबतंय काहीतरी. तळव्याला.

वर. खाली.

हात उचलला. मांडीवर ठेवला. तिथंही.

जोर. अडक. मग सुटणं.

उल्हास वर आहे. हे इथं आहे.

मग सकाळी उजवीला — मीच सांगितलं होतं, पंखाजवळ उभं राहून, मनगट कसं — आणि बुधवारी डब्यात ते —

झाकण उघडत होता. मी म्हटलं बस.

मालिनी विचारतेय, आई, तो एकाच बाजूला का कलतोय. सरळ का करत नाही. आई. तिला काय सांगू —

दाबतंय अजून. थांबत नाही. ओके ऐकायचंय त्याला. मी नाही म्हणणार. मी ना