सातवी पायरी

ता. ४ जानेवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझा ‘सराईचा इतिहास’ कामाला आला, बाईसाहेब! रस्ता रुंद करायला आपली सराई पाडायची नोटीस मागे घेतली आणि जुन्या इमारतींच्या खात्यानं तिला यादीत घेतलं. अंगणात घोडे कुठे बांधत, बाजाराच्या दिवशी धान्याचे व्यापारी एकेका खोलीत आठ-आठ कसे झोपत, पुरात अर्धा गाव माडीवर कसा राहिला, सगळं मी गिऱ्हाइकांना वाचून दाखवतो.

पण एक घोळ झालाय. आईचे गुडघे गेलेत, चार महिने ती माडीवरच आहे. बाकीच्या पायऱ्या कठड्याला धरून जमतील, पण सातवी चार बोटं उंच, तिच्यावरून पाय खाली टेकतच नाही. वीट ठेवून पाहिली, ती सरकली. आई थोडक्यात वाचली. उचलून आणतो म्हटलं तर म्हणते, या जिन्यावरून उचलून नेलं ते फक्त तुझ्या बाबांना; मी येईन तर माझ्या पायांनी. म्हणून सुताराला बोलावलं, तर खात्याचे साहेब हजर. सातवी पायरी चोर अडखळावा म्हणून पूर्वजांनी मुद्दाम उंच केली, असं तुझ्या इतिहासात आहे, तेव्हा तिला हात लावायचा नाही म्हणे. ठमे, हे तुला कुणी सांगितलं गं?

जावईबुवांना नमस्कार. वेळ काढून चार ओळी लिही.
तुझा दादा

ता. १२ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मला बाबांनीच सांगितलं! मांडीवर बसवून, चोर कसा तोंडावर आपटला ते नक्कल करून दाखवायचे. वर्गात पोरांना पुरावा मागते आणि स्वतः मात्र बाबांच्या थापा छापून मोकळी झाले. मेल्याहून मेल्यासारखं झालंय. मी खात्याला खरं काय ते कळवते. तोवर आईला एकटीनं उतरू देऊ नकोस.

वहिनीला नमस्कार. मला शिव्या घाल, पण पत्र घाल.
तुझी ठमी

ता. १९ जानेवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

कळवू नकोस! आईला तुझं पत्र वाचून दाखवलं, तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली आणि मग सगळं बोलली. तू पाळण्यात होतीस तेव्हा जुना जिना वाळवीनं खाल्ला. बाबांनी पाडलेल्या तबेल्याच्या लाकडाचा नवा केला, म्हणून तो जुना दिसतो. माप धरायला आई होती. गप्पांच्या नादात तिची दोरी सरकली आणि सातवी उंच झाली. लोक बायकोला हसतील म्हणून बाबांनी चोराची गोष्ट रचली. मलाही हे आत्ताच कळतंय, बोल!

आता सुतारानं बाहेर तोंड उघडलंय, की जोड काही फार जुना नाही. साहेब गुरुवारी आईची जबानी घ्यायला येताहेत. बाकीची इमारत इतक्यांदा दुरुस्त झालीय की यादीतलं नाव त्या जिन्यावरच टिकून आहे. खरं सांगितलं तर सराई जाते, खोटं सांगितलं तर आई वरच राहते. इकडे आड, तिकडे विहीर. मला काही म्हणजे काही सुचत नाही.

तुला सुचलं तर लगेच कळव.
तुझा दादा

ता. २३ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खरं सांग. सराई गेली तर गेली, तुम्ही सगळे इकडे या. दोन खोल्यांत दाटीवाटीनं राहू. आई एकदा खाली येऊ दे रे.

एवढं ऐक, मग जन्मभर काही मागणार नाही.
तुझी ठमी

ता. २९ जानेवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. साहेब गुरुवारीच येऊन गेले.

मी खरंच सांगायचं ठरवलं होतं गं. पण आई सकाळपासून केस विंचरून, इस्त्रीचं पातळ नेसून बसली होती. मी तोंड उघडायच्या आत तिनं साहेबांना सांगून टाकलं, की मी लग्न होऊन आले तेव्हा हा जिना असाच होता, सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सातवी दाखवली. साहेबांनी लिहून घेतलं, तिनं सही केली.

ते गेल्यावर मी चिडलो, वाटेल ते बोललो. ती शांतपणे म्हणाली, की त्यांनी जन्मभर माझी चूक झाकली, आता गुडघ्यांपायी मी त्यांना खोटं पाडू?

आता तिनं खुर्ची जिन्याच्या तोंडाशी घेतलीय. पूर्वी स्वयंपाकघरातून ओरडायची तशीच, प्रत्येक गिऱ्हाइकाला सातवी सांभाळा म्हणून ओरडते. फक्त आता आवाज वरून येतो.

माझ्यावर रागाव हवं तर, पण माया आटू देऊ नकोस.
तुझा दादा