या खोलीतलं त्या खोलीत

रविवार, ९ मार्च

प्रिय ठकू,

तू बरी असशील असं धरून चालतो. इकडे तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतोय आणि तिच्यामागून मीही.

माझं काम बरं चाललंय. सरकारी वकील होतो तेव्हा शिक्षा मागायचो, खासगी वकिली सुरू केल्यावर सुटका मागू लागलो, आणि आता मध्यस्थ म्हणून दोन्ही बाजूंना नुसतं "जरा बसा" म्हणतो. बाबा परवा म्हणाले, "आधी लोकांना आत टाकायचास, मग बाहेर काढायला लागलास, आता पाणी पाजून घरी पाठवतोस. पुढे काय, पाळणाघर?" तेवढं बोलतानाही त्यांना धाप लागली.

हे धापेचं लिहायचं नव्हतं. लिहिलंच आहे तर राहू दे.

काल दोन भावांचा दुकानाचा वाद मिटवला. एकाला या खोलीत बसवायचं, दुसऱ्याला त्या, आणि मधल्या बोळातून आपण हेलपाटे घालायचे. थोरला ओरडला, "त्या हरामखोराचं तोंड बघायचं नाही मला!" मी धाकट्याला जाऊन सांगितलं, "त्यांना अजून थोडा वेळ हवाय." संध्याकाळी सह्या करून दोघं एकाच गाडीतून गेले. मी हात धुवायच्या निमित्ताने आत गेलो आणि नळ सोडून रडलो.

घरातही मी हेच करत आलो. तू नवऱ्याचं घर सोडून आलीस आणि बाबांनी तुला दारातूनच परत पाठवलं, तेव्हापासून. "बाबा तुझी आठवण काढतात" हे दर फोनवरचं वाक्य माझ्या पदरचं होतं गं. ते तुझं नावही काढत नसत. तुझंही निम्मं बोलणं मी गिळून टाकायचो.

आता मात्र ते खरंच बोलतात. त्यांचं हृदय थकलंय. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. आडवं होववत नाही, उशीला टेकून बसूनच डोळा लागतो. मंगळवारी म्हणाले, "माझं चुकलं रे. पोर अंगावरच्या कपड्यांनिशी आली होती आणि मी तिला आत घेतलं नाही." मग माझं मनगट धरलं. "हे तिला कळवायचं नाही. मी मरतोय म्हणून कीव करत आलेली मला चालणार नाही."

आम्हा मध्यस्थांत एक नियम असतो: एका खोलीतलं बोलणं, त्या माणसाने हो म्हटल्याशिवाय, दुसऱ्या खोलीत न्यायचं नाही. मी तो कधीच मोडला नाही. मोडला, तर पुन्हा कुणी माझ्यासमोर मन मोकळं करणार नाही. कळलं तर बाबाही करणार नाहीत. म्हणून इतके दिवस गप्प होतो.

आज मोडतोय. फोनवर माझी जीभ सवयीने सगळं गुळगुळीत करते, म्हणून लिहून पाठवलं. त्यांच्या शब्दांत मी काही घातलं नाही, काही काढलं नाही.

पत्र आणणारा माणूस खाली गाडीत थांबलाय. कीव येत असेल तर येऊ नकोस. राग असेल तर तो घेऊन ये, हवं तेवढं भांड. पण आजच निघ. त्यांना अजून सगळं ऐकू येतं.

इकडे बाबांच्या दारात तुझी वाट बघत उभा असलेला,
तुझा दादा