उघडं राहिलेलं फूल

जालना,
सप्टेंबर २००३

प्रिय शिवकन्या,

तुझं चित्र ऑफिसात आलं आणि माझ्या कामाचा विचका झाला. खिडकीबाहेर बघत बसणारी बाई मी नव्हे, हे तुला ठाऊक आहे. पण सध्या तेच चाललंय. समोर डीलर लोकांची पत्रं पडलेली असतात आणि मी वडीगोद्रीच्या बियाण्याच्या प्लॉटवर असते. दुपार कललेली, कॅनॉलचं पाणी संथ, आणि कपाशीच्या ओळींवर लाल कागदी टोप्या हलताहेत. वारा थांबला की त्याही थांबतात, सगळं शेत कान देऊन काही ऐकत असल्यासारखं. तेव्हा मी नुसत्या टोप्या बघायची. कुठली वाकडी बसली, कुठली उडाली. शेत असं पाहिलं ते आत्ता, तुझ्या चित्रात.

तू सहा-सात वर्षांची असशील. कडबा कापायच्या यंत्रात तुझे दोन्ही हात गेले, त्यानंतरचा तो पहिलाच हंगाम. तुझी आई चांगुणाबाई तुला बांधावरच्या बाभळीखाली पोत्यावर बसवायची आणि ओळीत शिरायची. दुपारभर बाया कळ्या सोलायच्या, आतलं केसर काढून टाकायच्या आणि वर लाल टोपी चढवायच्या. सकाळी दुसऱ्या वाणाचं फूल आणून त्यावर घासायचं, की झालं संकरित बियाणं. एक कळी जरी विसरली, तरी ती आपल्याच परागावर फळते आणि मालात भेसळ होते. अशी चुकून उमललेली फुलं हुडकून खुडणं हे माझं काम. बी.एस्सी. झालेली मुलगी उन्हातान्हात फुलं खुडत फिरते, हे माझ्या वडिलांना शेवटपर्यंत पटलं नाही. बाया मला टरकून असायच्या. मी ओळीच्या तोंडाशी दिसले की "आली गं टोपीवाली" अशी कुजबूज व्हायची, आणि ती मला ऐकू यावी एवढी मोठी असायची.

तू पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघोट्या ओढायचीस. माती उडून कळ्यांवर बसेल म्हणून मी तुला रागावले होते. दुसऱ्या दिवशी टोप्यांचे उरलेले कागद आणि माझी पेन्सिल तुझ्या पायाशी आणून ठेवली. माती उडू नये, एवढ्यासाठीच. पेन्सिल बोटांत धरायला तुला आठवडा लागला असेल. पहिल्यांदा तू काय काढलंस, ते मला ओळखू आलं नाही आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. तू हसलीस.

बांधालगतच्या झाडावर अधूनमधून एखादं फूल उघडं राहायचं. पहिल्या दिवशी दुधी, दुसऱ्या दिवशी गुलाबी. तू त्याच्यासमोर मान कलती करून बसायचीस, भाकरी खायलाही वळायची नाहीस. रंग नेमका केव्हा बदलतो ते तुला पकडायचं असायचं, आणि दर वेळी डोळा लागून तू हुकायचीस. तुझी आई एकदा भर ओळीत मला म्हणाली, "बाई, तुमच्या नजरंतून मुंगी बी सुटत न्हाई, मंग हे एवढं फूल कसं काय सुटून राह्यलं?" बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी म्हणाले, कामाकडे बघा.

आता इकडची हकिगत. दर दिवाळीला आमची बियाणं कंपनी डीलरांना आणि शेतकऱ्यांना शुभेच्छाकार्ड पाठवते. आजवर देवादिकांचे फोटो असायचे. यंदा शेठ म्हणाले, अपंग कलाकारांची चित्रं घेऊ. औरंगाबादहून तुमच्या संस्थेचा गठ्ठा आला. नाव वाचायच्या आधीच मी तुझं चित्र बाजूला काढलं. सगळं शेत लाल टोप्यांचं, आणि बांधाजवळ एकच फूल उघडं, अर्धं दुधी, अर्धं गुलाबी. शेठना कार्डाच्या मागं तुझ्या पायाचा मोठा फोटो हवा होता. मी म्हणाले, आधी नाव, मग चेहरा. पायानं काढलंय हे खाली एका ओळीत येईल. माझ्याशी वाद घातला की जेवण निवतं, हा अनुभव असल्यानं त्यांनी मान्य केलं.

मग राजूरचे काकासाहेब आले, आमचे जुने डीलर. त्यांनी चष्मा लावून कच्ची छपाई पाहिली आणि म्हणाले, "शेठ, ह्ये एक झाकायचं राह्यलं की! गिऱ्हाईक म्हणंल, ह्यांच्या प्लॉटातच माल मिक्स हाय." शेठचा चेहरा पडला. त्यांनी छापखान्याच्या मच्छिंद्रला सांगितलं, फोन कर आणि तेवढ्या फुलावर टोपी घालून घे.

तू लगेच हो म्हणालीस, हे मला मच्छिंद्रकडून कळलं. त्यानं फोनवर माझं नाव पुढं केलं होतं, हेही त्यानंच सांगितलं. तुझं उत्तर त्यानं जसंच्या तसं ऐकवलं: "बाई म्हणत्यात तर बराबर हाय. तेव्हा त्यांची नजर चुकायची, म्हणून मला फूल बघायला मिळायचं. घालते टोपी." मी तडक शेठकडे गेले. म्हणाले, ज्याला शेती कळते तो त्या फुलापाशीच थांबेल, शुभेच्छाकार्डानं आणखी काय करायचं असतं? शेठ म्हणाले, चित्र काढणारी तयार आहे, मग तुमचं काय अडलंय? प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर ऑफिसात देण्यासारखं नव्हतं.

ते इथं देते. मूळ चित्र सोबत परत येतंय. टोपी घाल, असं मी म्हटलेलं नाही. तू नकार दिलास तर शेठ कदाचित हे चित्रच घेणार नाहीत. राजूरच्या गणपतीचा फोटो त्यांनी काढून ठेवलाय. गावोगावच्या दुकानांत तुझं नाव लागायचं राहील, हे मी लपवत नाही. तेव्हा ठरव तूच. पण टोपी घालायचीच असेल तर शेठसाठी घाल, माझा शब्द म्हणून नको. त्या हंगामात बांधालगतची ओळ मी दुसऱ्या कुणाला तपासू दिली नाही. बसल्या जागी तुझ्या डोळ्यांसमोर येईल अशी एक सुटलेली कळी हेरायची आणि ती तशीच ठेवून पुढं जायची. फूल गुलाबी झालं, तुझं बघून झालं, की संध्याकाळी तुम्ही मायलेकी घराकडं वळल्यावर मीच ते खुडायची. बियाण्यात खोट येऊ दिली नाही. तुझ्या आईनं विचारलं होतं, त्याचं उत्तर तेव्हा दिलं नाही, ते आता तुला देते. माझी नजर चुकली नव्हती, शिवकन्या.

तुझीच,
टोपीवाल्या उषाबाई