धोंडू परब आणि बंद पडणारी लँग्टन

प्रति,
मा. डेप्युटी पोलीस कमिशनरसाहेब,
मुंबई शहर.

अर्जदार : हेरंब मनमोहन नवलकर, वय ६७, निवृत्त मुख्याध्यापक, राहणार गिरगाव, मुंबई ४.

विषय : मोटार आडवी घालून रस्ता अडवल्याच्या आरोपावरून अटकेत असलेल्या धोंडू लक्ष्मण परब यास सोडण्याबाबत.

संदर्भ : (१) ता. ७ फेब्रुवारी १९५६ चा पंचनामा. (२) लँग्टन मोटारींच्या मुंबईतील एजंटांचे ता. १३ फेब्रुवारीचे पत्र.

महोदय,

१. अर्जदार गेली नऊ वर्षे सकाळी राहत्या वाडीत आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी लालबागला लहान मुलांचे वर्ग चालवतो. धोंडू परब हा लालबागचा, टॅक्सी चालवून पोट भरणारा. वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो अर्जदाराच्या वर्गात सात-आठ वर्षांच्या मुलांमागे येऊन मांडी घालून बसला आणि आठ महिन्यांत वाचायला शिकला. तेव्हापासून अर्जदाराची मोटार तो चालवतो आणि पैशांचा विषय काढला की पान खायला निघून जातो. आज एकवीस दिवस तो कच्च्या कैदेत आहे. शिक्षा झाली तर टॅक्सीचा बिल्ला जाईल आणि बिल्ल्याबरोबर घरातली चूल. हा अर्ज त्याच्यासाठी आहे, मोटारीसाठी नाही. मोटार आपण खुशाल ठेवून घ्यावी.

२. घडले ते असे. मंगळवार ता. ७ रोजी सकाळी अर्जदाराने तिसरीच्या मुलांना जोडाक्षरांचा सराव म्हणून पाटीवर एक ओळ लिहायला दिली : 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.' या ओळीत जोडाक्षरे बरी आहेत आणि मुलांना ती तोंडपाठ होती, म्हणून दिली. अर्जदार शेजारच्या खोलीत चौथीचे गणित तपासत असताना ती एकोणीस मुले पाट्या डोक्यावर धरून, ओळीने, कोणाला न विचारता रस्त्यावर गेली. शहरात जमावबंदी होती. जानेवारीतल्या गोळीबारात याच रस्त्यांवर काय झाले ते आपणास सांगायला नको. अर्जदार आणि धोंडू मोटार घेऊन त्यांना परत आणायला निघाले. मुले ठाकूरद्वाराच्या अलीकडे सापडली, समजावल्यावर वळली, आणि पाट्या तशाच डोक्यावर ठेवून वाडीच्या गल्लीत शिरली. त्यांच्यामागून मोटार गल्लीच्या तोंडाशी वळत असताना बंद पडली, ती नेमकी आडवी. मोटारीमागे पोलिसांची लॉरी होती. लॉरीला आत जायचे होते. मोटार सात मिनिटे हलली नाही.

३. पंचनाम्यात असे लिहिले आहे की चालकाने मोटार मुद्दाम थांबवली आणि चावी फेकून दिली, कारण मोटारीत, त्याच्या अंगावर व गटारात शोधूनही चावी मिळाली नाही. चावीबद्दल अर्जदार शेवटी लिहील. आधी मोटारीबद्दल. चौकीवर अर्जदाराने, ही मोटार नेहमीच बंद पडते, असे सांगितले तेव्हा तेथील अधिकारी हसले. ते म्हणाले, "मास्तर, बंद आमची लॉरी पडते. अमेरिकन गाडी कधी बंद पडते काय?" त्यावर एजंटांकडे विचारणा झाली आणि त्यांचे पत्र आले की योग्य निगा राखलेली लँग्टन रस्त्यात बंद पडत नाही, पडल्यास तो चालकाचा दोष समजावा. या एका वाक्यावर सारा खटला उभा आहे. हेच वाक्य एजंटांनी गेल्या सात वर्षांत अर्जदाराला अकरा वेळा लिहून पाठवले आहे. फरक एवढाच, की आजवर त्या वाक्याने कोणी तुरुंगात गेले नव्हते.

४. ही मोटार अर्जदाराने विकत घेतलेली नाही. वीरेंद्र नावाच्या जुन्या विद्यार्थ्याने सन १९४९ मध्ये ती गुरुदक्षिणा म्हणून दिली. देताना त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, तिचा अर्थ अर्जदाराला पहिल्या आठवड्यात कळला. मोटारीबरोबर कारखान्याची एक सचित्र पुस्तिका होती. ती अर्जदाराने मुलांना इंग्रजी आणि भूगोल शिकवायला इतक्या वेळा वापरली की तिची पाने सुटली आहेत. तीवरून कळते ते असे : ओहायओ प्रांतात लँग्टन नावाचे दोघे भाऊ घोडागाड्या बनवीत. १९०४ साली त्यांनी पहिली मोटार काढली. १९२६ साली त्यांच्या एका मोटारीने नऊशे मैलांचे वाळवंट एकदाही न थांबता पार केले आणि त्या विक्रमावर कारखान्याने पुढची वीस वर्षे काढली. महायुद्धात कारखाना फौजेसाठी लॉऱ्या करीत होता. युद्ध संपताच गिऱ्हाइकांची रीघ लागली, तेव्हा जुनाच सांगाडा काढून, त्यावर नवे बॉनेट आणि पुढे चकचकीत दात बसवून, तो १९४७ चे नवे मॉडेल म्हणून सातासमुद्रांपलीकडे विकला. अर्जदाराची मोटार त्यांतली. वाळवंट पार करणाऱ्या घराण्यातली ही लेक ठाकूरद्वारचा नाका पार करीत नाही.

५. मोटारीचे दोष थोडक्यात. इंजिन तापले की पेट्रोल नळीतच उकळते आणि मोटार थांबते. मग पंपावर ओले फडके गुंडाळून वाट पाहावी लागते. डावीकडे वळले की भोंगा आपोआप वाजू लागतो. मागचा दरवाजा सुंभाने बांधलेला आहे. मागचे आसन खचल्यामुळे तेथे पुस्तकांची पेटी ठेवतात आणि अर्जदार नेहमी पुढे, धोंडूच्या शेजारी बसतो. चिंचपोकळीचा सीताराम मिस्त्री याने ही मोटार एकोणतीस वेळा उघडली आहे. त्याचे म्हणणे, "मास्तर, ही गाडी नाही, नवस आहे. फेडत राहायचा." वाडीतल्या कालिंदीबाई तर मोटार दोन दिवस हलणार नाही असे दिसले की तिच्या टपावर सांडगे घालतात. पत्रा चांगला तापतो. सात वर्षांत त्यांचे सांडगे एकदाही वाया गेलेले नाहीत, हा मोटारीच्या विश्वासार्हतेचा एकमेव पुरावा अर्जदारापाशी आहे.

६. ही एकट्या अर्जदाराची रड नाही. दादरचे डॉ. गंगाधर कीर्तिकर यांची लँग्टन एका अडलेल्या बाळंतिणीकडे जाताना परळला थांबली. डॉक्टर बॅग घेऊन धावत गेले. बाळ वाचले, आई वाचली नाही. त्यांनी एजंटांना लिहिले. उत्तर आले की चालकाने घाट चढण्याच्या गिअरमध्ये मोटार चालवली असावी. परळला घाट कोठे आहे, हे डॉक्टरांनी दुसऱ्या पत्रात विचारले. त्याचे उत्तर आलेले नाही. डॉक्टरांचे निवेदन सोबत आहे. शेवटी अर्जदाराने चौथीच्या मुलांकडून इंग्रजीचा सराव म्हणून थेट अमेरिकेतल्या कारखान्यालाच तक्रारीचे पत्र लिहवून घेतले. तीन महिन्यांनी उत्तर आले. 'प्रिय लँग्टन-मालक' अशी सुरुवात, खाली छापील सही आणि सोबत एक कॅलेंडर. मुलांना तिकिटाचा आनंद झाला. एकाने विचारले, आपण काय लिहिले होते ते त्यांनी वाचले का? अर्जदार चाळीस वर्षे मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देत आला आहे. त्या प्रश्नाला त्याने सुट्टीची घंटा दिली. गेल्या वर्षी त्या कारखान्याने मोटारी काढणे बंद केल्याची बातमी आली. आता तक्रार ऐकायलाही कोणी उरले नाही, आणि तक्रार खोटी म्हणणारे एजंट मात्र आहेत.

७. येथपर्यंतचा मजकूर अर्जदाराच्या वकिलांच्या सल्ल्याने लिहिला आहे. मोटार सदोष होती असे सिद्ध करा, धोंडू सुटेल, असे त्यांचे म्हणणे. दोन शब्द सोडून वरील प्रत्येक शब्द खरा आहे. निवेदने खरी आहेत, मिस्त्रीचा दाखला खरा आहे. अर्जदार हा मजकूर पक्का करून गेल्या बुधवारी आपल्याकडे देणार होता.

८. त्या बुधवारी सकाळी धोंडूची बायको सुभद्रा वर्गाच्या दाराशी आली. ती रोजच येते, दारातच उभी राहते. चौकीवर काय कळले ते विचारते आणि लालबागच्या चाळीत परत जाते. त्या दिवशी तिने विचारले, "मास्तरांनू, गाडी बंद पडली म्हणान माणसाक धरतत काय?" अर्जदार म्हणाला, नाही, धरत नाहीत, मी लिहितो आहे. ती म्हणाली, तुम्ही लिहिताय म्हणजे झाले. आणि गेली. त्यानंतर अर्जदार तिसरीच्या वह्या तपासायला बसला. 'आमची मोटार' या विषयावर पाच ओळी लिहायला दिल्या होत्या. पाहिले तेच लिहावे, ऐकीव लिहू नये, अशी ताकीद दिली होती. एका सात वर्षांच्या मुलीच्या वहीत या पाच ओळी होत्या : 'आमची मोटार निळी आहे. तिला खूप धक्का मारावा लागतो. त्या दिवशी ती छान चालत होती. गुरुजींनी चावी काढली म्हणून ती थांबली. मग आम्ही घरी गेलो.'

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. अर्जदाराने लाल पेन्सिल हातात घेतली. चूक म्हणावी तर मुलीला खोटे शिकवले, बरोबर म्हणावे तर वर सहा परिच्छेद लिहून ठेवलेले. शेवटी त्याने पाचपैकी पाच गुण दिले. गुण दिल्यावर हा अर्ज जुन्या स्वरूपात देणे शक्य राहिले नाही. मुलीचे नाव अर्जदार सांगणार नाही आणि आपण विचारू नये. तिच्या साक्षीची गरज पडणार नाही, अशीच पुढची व्यवस्था केली आहे.

९. म्हणून आता चावीबद्दल, आणि परिच्छेद दोनमधल्या 'बंद पडली' या शब्दांबद्दल. ता. ७ रोजी लँग्टन मोटार बंद पडली नाही. सकाळी ती पहिल्याच प्रयत्नात चालू झाली होती, आणि धोंडूने अर्जदाराकडे वळून, आज बाईसाहेब खुशीत दिसतात, असे म्हटलेही होते. गल्लीच्या तोंडाशी वळताना अर्जदाराने मागे पाहिले. लॉरी जवळ आली होती आणि शिपायांच्या हातात लाठ्या होत्या. पुढे पाहिले, तर एकोणीस पाट्या अजून गल्लीच्या मध्यावर होत्या. सर्वांत मागे होती ती दोघे पाटी डोक्यावरून पडू नये म्हणून हळू चालत होती, कारण पाटी फोडली तर नवी मिळणार नाही असे अर्जदारानेच त्यांना सांगून ठेवले आहे. अर्जदाराने शेजारून हात लांब करून चावी फिरवली, काढली आणि कोटाच्या आतल्या खिशात टाकली. धोंडूने ते पाहिले. त्याने फक्त हातब्रेक ओढला.

शिपायांनी चावी मागितली तेव्हा धोंडू म्हणाला, माझ्याकडे नाही. हे खरे होते. कोणाकडे आहे, हे त्याला कोणी विचारले नाही. अर्जदाराच्या अंगावर कोट होता, डोक्यावर टोपी होती, केस पांढरे होते. त्याची झडती कोणी घेतली नाही. उलट एका शिपायाने त्याला खाली उतरायला हात दिला. सात मिनिटांनी मोटार ढकलून लॉरी आत गेली तेव्हा गल्लीत एक खडूचा तुकडा पडला होता, दुसरे काही नव्हते. लॉरीत चढवताना धोंडू अर्जदाराला एवढेच म्हणाला, "मास्तर, तुम्ही घरी जा. पोरांची परीक्षा आलीय." आणि अर्जदार घरी गेला. हे या संपूर्ण प्रकरणातले एकमेव कृत्य आहे ज्याची त्याला लाज वाटते. त्या चावीसकट तो एकवीस दिवस वर्गावर गेला. खिशात खडू असतात. चावी आता पांढरी झाली आहे.

१०. लँग्टन मोटारीने सात वर्षांत अर्जदाराला भर उन्हात, लग्नाच्या मुहूर्ताला, शाळा-तपासनिसांच्या देखत आणि एका प्रेतयात्रेत दगा दिला. त्यांतल्या एकाही वेळी ती चालकाच्या दोषाने थांबली नव्हती, आणि तरी प्रत्येक वेळी दोष चालकाचा ठरला. ती एकदाच सांगितल्याबरोबर थांबली. तेव्हाही दोष चालकाचाच ठरला आहे. निदान या वेळी एजंटांचे पत्र खरे मानावे : मोटार निर्दोष होती. धोंडूही होता.

तरी विनंती की धोंडू लक्ष्मण परब यास आज मुक्त करून त्याचा टॅक्सीचा बिल्ला त्याच्या हाती परत द्यावा आणि त्याच्या जागी अर्जदारास बोलवावे. बोलवण्याची वेळ शक्यतो सकाळी अकरानंतरची ठेवावी, तोवर वर्ग असतो. ती न जमल्यास कधीही. वर्गाची सोय लावली आहे. जोडाक्षरे अजून दोन पाने शिल्लक आहेत, ती कोणीही शिकवील.

आपला नम्र आणि घरीच सापडणारा,
हेरंब मनमोहन नवलकर

गिरगाव, मुंबई ४
ता. २८ फेब्रुवारी १९५६

सोबत जोडले आहे :
१. डॉ. गंगाधर कीर्तिकर यांचे निवेदन
२. सीताराम मिस्त्री याचा दाखला, अंगठ्यासह
३. एजंटांची अकरा पत्रे
४. कारखान्याची पुस्तिका (पाने सुटी)
५. लँग्टन मोटारीची चावी, नग एक